सातवी ‘ब’मधले टिंबवाले

“एक गोष्ट ध्यानात ठेव. पाठ पाहायला बाहेरचं कुणी आलं, की ही टिंबवाली मुलं वर्गात नसतात. काहून, कायले, असं काही विचारायचं नाही.”

इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी, पहिल्या पाच मिनिटांत वानखेडे मॅडमनी मला हा नियम सांगितला. सातवी ‘ब’चं गणित त्यांच्याकडे होतं आणि पुढचे चार महिने ते माझ्याकडे येणार होतं. त्यांनी हजेरीपट उघडून दाखवला. आठ नावांपुढे पेन्सिलीनं बारीक टिंब. हे आठ जण गणितात कच्चे. त्यामुळे पाहुणे आले की ते वाचनालयात जातात आणि पुस्तकांना खाकी कव्हर घालतात. मी तोंड उघडलं.

“विचारायचं नाही म्हटलं ना!” मॅडम म्हणाल्या.

मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. चार महिन्यांच्या शेवटी बाहेरचे परीक्षक येऊन माझा एक पाठ बघणार होते. त्यात नापास झाले, तर पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून. घरी आईनं हात जोडले. “तोंड आवर वं माय. चार महिने गप्प राहा, मग जन्मभर बोल.”

मी बऱ्यापैकी गप्प राहिले. त्यामुळेच बहुतेक एवढे किस्से साचले. खडूची भुकटी वेणीत जशी बसते तसे ते बसत गेले. संध्याकाळी शाळेसमोरच्या टपरीवर मी आणि प्रणाली चहा घ्यायचो. ती माझ्याबरोबरची, मराठी विषयाची. एक सांगून झाला की दुसरा आपोआप झडायचा. आता प्रणालीनं ऐकून ऐकून कान बंद केले आहेत, म्हणून तुम्हाला सांगते.

*

बी.एड.च्या पाठाचं टाचण कुणी पाहिलं आहे का? त्यात दोन रकाने असतात. डावीकडे शिक्षक काय बोलणार, उजवीकडे विद्यार्थी काय बोलणार. म्हणजे मुलं उद्या काय उत्तर देतील ते आपण आजच लिहून ठेवायचं! ज्योतिषी सुद्धा इतक्या खात्रीनं बोलत नसतील.

माझा पहिला पाठ वर्तुळाचा. मागे बसले होते कॉलेजातले माझे मार्गदर्शक, देवगडे सर. ते नेहमी येणारे, म्हणून शाळेच्या हिशेबात पाहुणे नव्हते आणि टिंबवाले वर्गातच होते. मांडीवर निरीक्षण वही, हातात लाल पेन. मी विचारलं, “तुम्ही पाहिलेल्या गोल वस्तू सांगा.” उजव्या रकान्यात मी लिहिलं होतं: बांगडी, चाक, नाणं.

पहिल्या बेंचवरचा आर्यन म्हणाला, “बांगडी.” वा! दुसरी म्हणाली, “चाक.” सरांचं पेन खूश.

मग खिडकीजवळची एक मुलगी सावकाश उभी राहिली. “टिचर, फुटाळा तलावात दगड टाकला की पाण्यावर जे होते ते.”

ती पुढे म्हणाली, “पण ते तर मोठंच होत जाते. मग त्याची त्रिज्या कधी मोजायची?”

शपथेवर सांगते, त्या क्षणी त्या खोलीत पाणी होतं. चाळीस मुलं त्या लाटेकडे बघत होती आणि ती लाट बेंचांखालून, दप्तरांखालून हळूहळू भिंतीकडे सरकत होती. बाहेर मेट्रो गेली, तीही पाण्यावरून गेल्यासारखी. मी खडू धरून तशीच उभी. मला उत्तर येत नव्हतं आणि ते यावं अशी घाईही नव्हती.

पाठ संपल्यावर मी धावत सरांची वही बघायला गेले. लाल अक्षरात एकच ओळ होती.

“अपेक्षित उत्तर आले नाही.”

“सर, पण किती सुंदर उत्तर होतं!”

“सुंदर असेल,” सर म्हणाले. “रकान्यात नाही.”

*

ऋण संख्या शिकवायच्या होत्या. वानखेडे मॅडमचा सल्ला, “तापमानाचं उदाहरण घे. शून्याच्या खाली गेलं की ऋण. दरवर्षी तेच घेते मी.”

मी घेतलं. मागून आवाज आला, “टिचर, शून्य? नागपुरात? आमच्या घरी बारा झालं तर बाबा आंघोळ बंद करते!”

वर्ग हसून लोळला. तापमान बाद.

तेवढ्यात संकेत नावाचा पोरगा म्हणाला, “टिचर, माझा मामा सावनेरले कोळशाच्या खाणीत आहे. तो रोज खाली जाते.”

“मग जमीन म्हणजे किती?” मी विचारलं.

“शून्य!” अख्खा वर्ग.

मी म्हटलं, चला. डोळे मिटा, खाणीच्या लिफ्टमध्ये उभे राहा. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. वजा एक. वजा दोन. संकेत मध्येमध्ये सांगत होता, “आता गार लागते. आता कानात दडे बसते. मामा म्हणते, इतकं खाली आलं की वर ऊन आहे का पाऊस, काहीच आठवत नाही.” वजा चार. आपण वजा चारवर आहोत, तीन मजले वर गेलो तर कुठे? कुणीतरी अंधारातून कुजबुजलं, “वजा एक.” आणि वजा चारवरूनच तीन खाली गेलो तर? “वजा सात.” खाली, आणखी खाली. मुलांचे चेहरे झोपेतल्यासारखे सैल पडले होते.

तास संपल्याची घंटा झाली. कुणी हललं नाही. मीही नाही.

दार धाडकन उघडलं. वानखेडे मॅडम! “हे काय चालू आहे? सगळे झोपून राहिले का?”

डोळे न उघडता संकेत म्हणाला, “मॅडम, हळू बोला. आम्ही वजा सातवर आहो.”

*

टिंबवाल्यांपैकी मला सगळ्यात आधी कळली ती कांचन. फुटाळ्याच्या पाण्यावरचं वर्तुळ मोजणारी तीच. पाठात तिला बोलताना ऐकलं होतं, पण तिच्या नावापुढे टिंब आहे हे मला हजेरी घेताना कळलं, आणि मी हजेरीपट दोनदा तपासला.

कारण लवकरच समजलं. कांचनला उत्तर यायचं, पण त्याच दिवशी यायचं नाही.

मंगळवारी मी फळ्यावर गणित घातलं. बारा मजूर एक काम आठ दिवसांत करतात, तर सोळा मजूर तेच काम किती दिवसांत करतील? सगळ्यांनी सोडवलं. कांचन खिडकीबाहेर बघत राहिली. वहीत फक्त तारीख.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन चालले होते, तर ही मागून आली आणि माझ्या ओढणीचं टोक धरलं.

“टिचर, सहा.”

“काय सहा?”

“मंगळवारचं. सहा दिवस.” मग जरा थांबून म्हणाली, “पण तुम्ही सात धरा.”

“सात काहून वं?”

“माझे बाबा कळमन्याच्या बाजारात हमाल आहेत. संत्र्याची गाडी आली की बारा जण असले तर गुपचूप उतरवतात. सोळा जण झाले की गप्पा सुरू होतात. एखादा दिवस जास्तीचा धराच.”

मी हे वानखेडे मॅडमना कौतुकानं सांगितलं. दोन दिवस तिनं ते गणित डोक्यात ठेवलं, मॅडम! कळमन्याला नेलं, तिथं तपासून परत आणलं!

मॅडमनी चष्मा पुसला. “मंगळवारची परीक्षा मंगळवारीच असते, गजभिये. टिंब राहू दे.”

*

जानेवारीत वर्ग इतका गार पडायचा की फळ्याला हात लावला तर शहारा यायचा. मी मुलांना घेऊन मैदानात गेले. सावलीवरून उंची काढायची, प्रमाण शिकवायचं. देवगडे सर निरीक्षणाला आले होते. त्यांच्यासाठी खुर्ची उन्हात ठेवली.

काय ऊन होतं ते! पातळ आणि पिवळं. कुणीतरी संत्रं सोललं होतं, त्याचा वास सगळ्या मैदानावर. मुलं काठ्या रोवून बसली होती आणि सावलीच्या टोकाला खडूनं खूण करत होती. मोठ्यानं बोलायचं कुणाच्या मनातच आलं नाही. सरांची मान आधी डावीकडे गेली, मग छातीवर आली. वही मांडीवरून घसरली.

“टिचर, सर झोपले,” आर्यन म्हणाला.

“चूप. त्यांची पण सावली मोजा.”

दर दहा मिनिटांनी एक जण चवड्यांवर जायचा, सरांच्या डोक्याच्या सावलीला टेकवून रेघ मारायचा आणि परत यायचा. एकाचाही पाय वाजला नाही. चाळीस मुलं इतकी हळुवार मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. टिंबवाले आणि बिनटिंबवाले, कुणी कोणती रेघ मारली ते मला आजही सांगता येणार नाही.

सर जागे झाले तेव्हा त्यांच्या खुर्चीमागे खडूच्या पाच रेघा होत्या.

“हे काय?”

“तुम्ही आहे सर,” संकेत म्हणाला. “दहा वाजता तुम्ही तिथपर्यंत होते. आता आखूड होऊन राहिले.”

सरांनी पडलेली वही उचलली. तिच्यात शेरा दिला, “पाठ अत्यंत परिणामकारक. वर्गात उत्तम शिस्त.” चार महिन्यांतले सगळ्यात जास्त मार्क मला त्या पाठाला पडले. तो त्यांनी पाहिला नव्हता!

*

मध्येच एकदा शाळेत कुणी अधिकारी आले. तो माझा पाठ नव्हता, तास वानखेडे मॅडम घेणार होत्या. त्यांनी दारातून नुसती मान हलवली आणि आठ जण उठले. कुणी नाव घेतलं नाही, कुणी हूं की चूं केलं नाही. दप्तरं उचलून रांगेत निघाले. मला रिकामा वेळ होता, मी त्यांच्या मागे गेले.

वाचनालय म्हणजे लांबट खोली, वरच्या झरोक्यातून उन्हाचे पट्टे आणि त्यात तरंगणारी धूळ. आठ जणांनी खाकी कागदाचा रोल पसरला. एकानं पुस्तक ठेवलं, नुसत्या नजरेनं माप घेतलं आणि कापलं. ना पट्टी, ना पेन्सिल. चारही बाजूंनी दोन बोटं कागद बरोबर उरला! मी सातवीला परिमिती आणि क्षेत्रफळ शिकवायला तीन तास घालवले होते.

“रे बाप्पा! हे कुठं शिकले तुम्ही?”

“इथंच,” तो म्हणाला. “पाचवीपासून येऊन राहिलो ना आम्ही.”

पाचवीपासून! मी मनात हिशेब केला आणि मला बसावं लागलं. कागदाचा करकर आवाज, गोंदाचा वास, उन्हाचा पट्टा एका पुस्तकावरून दुसऱ्यावर चाललेला. इतकं शांत आणि इतकं सुंदर होतं तिथं, की राग यायला उशीर लागला. पण आला.

कांचन माझ्याशेजारी बसून घडी घालत होती. खाली बघतच तिनं विचारलं, “टिचर, तुमच्या परीक्षेच्या पाठाले बी आम्ही इथंच येऊ का?”

चार महिने गप्प राहण्याचं आईला दिलेलं वचन, मार्क, पुढचं वर्ष, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. आणि मी, जी दर संध्याकाळी टपरीवर बसून सगळ्या म्हाताऱ्या शिक्षकांना नावं ठेवायची, ती मी म्हणाले, “बघू.”

कांचननं मान डोलावली. ‘बघू’ म्हणजे काय ते तिला पाचवीपासून माहीत होतं.

*

परीक्षेच्या आठवड्यात देवगडे सरांनी सांगितलं, “उद्या पाठाची तालीम घे. जी मुलं उत्तरं देणार त्यांना प्रश्न वाटून टाक.”

मी म्हटलं, “सर, मग मी शिकवणार काय?”

“शिकवायचं नंतर आहे, आयुष्यभर. आधी पास हो.”

मी वर्गात जाऊन तालमीचं नाव काढलं, तर पोरं माझ्याहून तयार! आर्यननं सगळं समजावून सांगितलं. “टिचर, तुम्ही पहिला प्रश्न मले विचारा. मी लगेच हात वर नाही करणार, जरा विचार केल्यासारखं करीन. दुसरा सानिकाले. आणि चुकीचं उत्तर कोण देणार ते ठरवून घ्या.”

“चुकीचं कायले?”

“खरं वाटावं म्हणून! मागच्या वर्षीच्या बी.एड.वाल्या मॅडमनी एक चुकणारा ठेवला होता. मग त्या त्याले प्रेमानं समजावत होत्या. परीक्षक भल्ले खूश झाले.”

“आणि तो चुकणारा कोण होता?”

आर्यननं कॉलर ताठ केली. “मीच तर होतो! चुकाले हुशार पोरगं लागते, टिचर. कच्च्याले नाई जमत.”

मी प्रणालीला हे सांगितलं, तर ती चहा नाकातून जाईपर्यंत हसली. मग एकदम हसायची थांबली आणि म्हणाली, “तू काय करणार आहेस?”

मी म्हटलं, “माहीत नाही.” समोरून मेट्रो गेली. तिचे तीन डबे, प्रत्येक खिडकीत संध्याकाळचा केशरी उजेड.

*

आणि हा परीक्षेच्या दिवसाचा.

या शाळेत पाठाच्या दिवशी शेवटचे चार बेंच पाहुण्यांसाठी असतात. आठ जण उठून गेले की चार बेंच रिकामे होतात, बरोबर हिशेब. त्यावर आदल्या दिवशीच पांढऱ्या चादरी अंथरून ठेवतात. मी सकाळी वर्ग उघडला, तर मागे त्या चादरी, आणि सगळ्या खोलीत धुक्यातून गाळून आलेला दुधी उजेड. बर्फ पडल्यासारखं दिसत होतं. मी बराच वेळ बघत उभी राहिले.

मग चारही चादरींच्या घड्या केल्या आणि टेबलावर ठेवल्या.

मुलं आली. आठ जण सवयीनं दारातूनच वाचनालयाकडे वळले.

“कुठं चालले? आत या. आपापल्या जागेवर बसा.”

ते बसले, पण दप्तरं मांडीवरच ठेवली.

साडेदहाला चौघं आले. पुढे मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांच्यामागे परगावचे परीक्षक, देवगडे सर आणि वानखेडे मॅडम. मॅडम दारातच थबकल्या.

“हे आठ जण इथं काय करून राहिले?”

“पाठाला बसले आहेत, मॅडम.”

“अगं, पाहुणे कुठं बसतील? आणि काय सांगितलं होतं तुला पहिल्या दिवशी?”

देवगडे सर जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, “गजभिये, शहाणपणा करू नको. एका पाठापायी वर्ष जाईल.”

“माझं एक जाईल, सर. यांचं पाचवीपासून जाऊन राहिलं.”

मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या थेट मागच्या बेंचांकडे बघून म्हणाल्या, “शाळेचा नियम आहे. चला रे, उठा.”

आठ जण उठले. दप्तरासकट, एका झटक्यात, शिकवल्यासारखे.

“बसा,” मी म्हणाले.

एक पाय बेंचच्या बाहेर, एक आत. आठही जण माझ्याकडे बघत होते, मग मोठ्या बाईंकडे, मग पुन्हा माझ्याकडे. माझा आवाज कुठून आला कोण जाणे, अगदी साधा आला.

“नाही, मोठ्या बाई. ही मुलं उठणार नाहीत. या जागा त्यांच्या आहेत. आज वर्ग भरलेला आहे. पाठ बघायचा असेल, तर तुम्हाला उभ्यानं बघावा लागेल.”

आठ जण बसले. एकेक करून, सावकाश. कांचन सगळ्यात शेवटी. तिनं दप्तर मांडीवरून काढून खाली ठेवलं, भिंतीकडे अंग चोरलं आणि शेजारची रिकामी वीतभर जागा हातानं थोपटली.

“मोठ्या बाई, बसा ना इथं. मी बारीक आहो. मावते तिघं.”

मी खडू उचलला आणि पाठ सुरू केला.